काडीबाईंच्या आठ फेऱ्या

आमच्या थोरल्या जाऊबाईंना कामावर सगळे काडीबाई म्हणतात. माझे थोरले दीर लिफ्ट दुरुस्त करतात आणि फावल्या वेळात बायकोला चिडवतात. "काड्या करून लोकांची घरं मोडणाऱ्या बायका खूप पाहिल्या," ते म्हणायचे, "पण काड्या करायच्या म्हणून नोकरीवर ठेवलेली ही पहिलीच." जाऊबाई मान वर न करता उत्तर द्यायच्या, "माझ्या काड्या आधी वाफेवर उकडून घेतात. तुमच्या जिभेचं तसं काही करता येतं का बघते."

काड्या म्हणजे दात कोरायच्या साध्या लाकडी काड्या. त्या डब्यात भरायच्या, मोठ्या कुकरमध्ये वाफेवर निर्जंतुक करायच्या, मग एकेका काडीच्या टोकावर कणभर यीस्ट घ्यायचं आणि चपट्या प्लेटमधल्या थिजलेल्या खाद्यावर रेघा ओढायच्या. दोन-तीन दिवसांत त्या रेघांवर यीस्टचे पांढरे ठिपके उठतात, एकेका पेशीपासून वाढलेले. यीस्ट म्हणजे तेच, पाव फुगवतं ते. जाऊबाई हे काम सत्तावीस वर्षं करत होत्या. त्याआधी पावाच्या कारखान्यात पीठ भिजवायच्या विभागात होत्या. तिथे नुसत्या वासावरून त्या सांगायच्या की आज यीस्टचं काही खरं नाही. संशोधन संस्थेतल्या जुन्या मॅडमच्या कानावर ते गेलं आणि त्यांनी त्यांना बोलावून घेतलं. दहावीपर्यंत शिकलेली बाई, पण प्लेट उजेडाकडे धरून "ही दोन दिवसांची नाही, तीन दिवसांची आहे" म्हणाली की नावापुढे पदव्यांची माळ लावलेली माणसंही आपली वही पुन्हा तपासायची.

माझी मुलगी शाळेत जायला लागल्यावर त्यांनीच मला तिथे लावलं, बाटल्या आणि भांडी धुवायच्या खोलीत. एकाच घरातल्या दोन जावा एकाच ठिकाणी नोकरीला, म्हणून आमच्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता. घरातली भांडणं आता ऑफिसात जाणार, असं त्या म्हणाल्या. तसं काही झालं नाही. भांडायला वेळच नव्हता.

ही गोष्ट घडली त्या वर्षी आमच्याकडे एक नवे संशोधक आले. तिशीचे, उंच, कायम घाईत. ते एका आकड्यासारख्या, म्हणजे हुकासारख्या वाकलेल्या प्रथिनावर काम करायचे, म्हणून आठवड्याभरात त्यांचं नाव आकडेवाले पडलं. एक दिवस ते धुतलेल्या बाटल्या न्यायला आले आणि छत्री माझ्या नळाच्या पाइपाला अडकवून उभे राहिले. मी विचारलं, "तुम्ही एवढं करता तरी काय?" त्यांनी छत्री काढून माझ्यासमोर धरली.

"ही मूठ बघा, कशी वाकलीय. माझं प्रथिन असंच आहे. पेशीत गुणसूत्रं असतात, लांबच लांब दोरे. त्यांच्या टोकांना टेलोमिअर म्हणतात. पेशीच्या दोन होताना दर वेळी टोक थोडं झिजतं. झीज भरून काढायला एक यंत्र असतं, पण ते यंत्र भरतच सुटलं तर टोकं वाढतच जातील. त्याला कुणीतरी पुरे म्हणायला हवं ना?"

"आणि ते तुमची मूठ म्हणते."

"मुठीच्या बाकात दोरा बसतो, हे मी पाहिलंय. म्हणजे प्रथिनाचे स्फटिक बनवून, त्यांवर एक्स-रे टाकून, तीन वर्षं खपून पाहिलंय. माझं म्हणणं असं की ती पकड आहे म्हणून ते पुरे म्हणू शकतं. मी आतल्या बाजूचे चार-पाच कण बदलले. आकार तोच, पण पकड सुटली. अशा प्रथिनाचं यीस्ट वाढवलं तर टोकं लांब व्हायला हवीत."

मला तेवढं कळलं. माणूस साधा होता आणि आपल्या कामावर त्याचा जीव होता.

त्यांनी तीन प्रकारचं यीस्ट तयार केलं. आधी एका यीस्टमधून ते प्रथिन मुळातच काढून टाकलं. त्याची टोकं भरपूर लांब झाली, हे आधीपासून माहीत होतंच. मग त्याच यीस्टच्या एका भागात धड आकडा परत घातला आणि दुसऱ्या भागात पकड सुटलेला आकडा. एक बिनआकड्याचं, एक धड आकड्याचं, एक ढिल्या आकड्याचं. धड आकड्याने टोकं पुन्हा आखूड करावीत आणि ढिल्याने करू नयेत, एवढं दिसलं की गड जिंकला.

टोकांची लांबी मोजायला डीएनए कापून, जेलच्या लादीत विजेवर पळवून, शेवटी फिल्मवर काळे पट्टे उमटवतात. आखूड तुकडे खाली पळतात, लांब तुकडे वर राहतात. आकडेवाल्यांची फिल्म आली तेव्हा तिन्ही पट्टे वरच, जवळजवळ एका रेषेत. धड आकड्याचासुद्धा.

मी त्या वेळी ट्रॉली घेऊन तिथेच होते. ते फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवून तिच्याकडे बघत बसले होते. मग कुणाला उद्देशून नाही असं म्हणाले, "धड आकडा परत घालूनही काही होत नाही. म्हणजे सगळंच चुकलं. मुठीचा नि लांबीचा काही संबंधच नाही."

काडीबाई ताज्या प्लेटांची चळत कपाटात लावत होत्या. त्या हात न पुसताच फिल्मजवळ आल्या.

"किती फेऱ्या झाल्या?"

"कसल्या फेऱ्या?"

"रेघांच्या. आकडा परत घातल्यावर एक ठिपका उचलून नव्या प्लेटवर रेघा, त्यातला एक ठिपका उचलून पुन्हा रेघा. असं किती वेळा केलंत?"

"दोन वेळा. शुद्ध करायला तेवढं पुरतं."

"शुद्ध करायला पुरतं," काडीबाई म्हणाल्या. "विसरायला नाही पुरत. पोराची शाळा बदलली तरी महिनाभर ते जुन्या शाळेचंच गाणं म्हणतं. ह्या यीस्टची टोकं आधीच लांब होती. तुम्ही आकडा आणून दिलात, पण लांबी वारशाने आलीय, ती एका दिवसात थोडीच जाणार? कापून टाकायला तिथे कात्री नाही. यंत्र थांबलं तरी टोक आपलं आपण झिजायला हवं. एका पिढीत किती झिजतं?"

"डीएनएची तीनेक अक्षरं."

"आणि वाढलंय किती?"

"चारशे."

"एका पेशीचा ठिपका होईस्तोवर पिढ्या जातात वीस-पंचवीस. पुढचा हिशेब तुम्ही करा, मी दहावीपर्यंतच शिकलेय."

आकडेवाल्यांनी हिशेब केला. चेहऱ्यावरून दिसत होतं की तो करताना त्यांना लाज वाटत होती आणि आनंदही होत होता. "सहा फेऱ्या," ते म्हणाले.

"आठ करू. उद्या कुणी बोट ठेवायला नको."

हे सगळं त्यांना कुठून आलं, असं कुणालाही वाटेल. जुन्या मॅडमसाठी त्यांनी सलग दोन वर्षं यीस्टच्या एकाच घराण्याच्या रेघा ओढल्या होत्या. फेरी, तारीख, कोणत्या प्लेटवरून कोणती, सगळं निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत. मॅडम दर काही फेऱ्यांनी फिल्म काढायच्या आणि त्यांना बोलावून दाखवायच्या. पट्टे एका दिवसात कधीच हलत नाहीत, जिन्याच्या पायऱ्यांसारखे सरकतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आकडेवाल्यांचं आयुष्य स्फटिकांत गेलेलं. आकार त्यांना अणूअणूपर्यंत ठाऊक होता, पण यीस्टचं घर त्यांनी कधी चालवलं नव्हतं.

आताच्या मोठ्या मॅडमना मात्र हे ठाऊक असायला हवं होतं, आणि ते होतंच. आकडेवाले आणि काडीबाई दोन दिवसांनी त्यांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा त्या आकडेवाल्यांचा अहवाल उलटत म्हणाल्या, "तुम्ही लिहिलंय, रेघा ओढून घेतलं. मी धरून चालले की आठ-दहा वेळा. दोनदाच?" मॅडमनी हा भाग बंद करून त्यांना दुसरं काम द्यायचं आदल्याच दिवशी ठरवलं होतं.

"काडीबाई, तुमची खात्री आहे?"

"यीस्टची आहे. आकड्याची नाही. आकडा खरा की खोटा हे यीस्ट सांगेल, पण त्याला तोंड उघडायला वेळ तर द्या."

मॅडमनी पाच आठवडे दिले.

काडीबाईंनी पहिल्याच दिवशी एक अट घातली. कोणती प्लेट कोणाची हे त्यांना कळता कामा नये. आकडेवाल्यांनी प्लेटांवर नुसतं क, ख, ग लिहायचं आणि कोणतं अक्षर कोणाचं ही किल्ली लिफाफ्यात घालून मॅडमच्या कपाटात ठेवायची. शिवाय प्रत्येक फेरीचा नमुना गोठवून ठेवायचा, म्हणजे शेवटी सगळ्या फेऱ्या एकाच लादीवर पळवता येतील. पहिल्यापासून सुरुवात केली आणि तीन फेऱ्या छान झाल्या. तीन दिवसांनी एक, घड्याळ लावावं तशी. आणि मग मी घात केला.

त्या दिवशी मी धुण्याच्या खोलीबाहेरचा पॅसेज पुसला आणि आत फोन वाजला म्हणून पळाले. ओल्या फरशीची पिवळी पाटी दाराआडच राहिली. काडीबाई रिकाम्या प्लेटांचं खोकं घेऊन वळणावर आल्या, त्यांचा पाय सरकला आणि त्या उजव्या हातावर पडल्या. मी बाहेर आले तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि मनगट मांडीवर असं ठेवलं होतं जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे. "खोकं बघ," त्या म्हणाल्या. "फुटलं नाही ना काही?"

मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर, दीड महिना.

संध्याकाळी घरी कुणी मला एक शब्द बोललं नाही. दीरसुद्धा नाही, आणि हेच जास्त लागलं. भांडी घासताना मला रडू आवरेना. जाऊबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, हात गळ्यात अडकवलेला.

"पाटी लावली नाहीस, हे चुकलं," त्या म्हणाल्या. "ते मी विसरणार नाही, तूही विसरू नकोस. पण रडून हाड जुळत नाही. परवा चौथी फेरी आहे. तू किती वाजता निघतेस, मी तुझ्याबरोबर येते. डबा तुला धरावा लागेल."

ठरल्या दिवशी त्या स्टुलावर बसल्या आणि आकडेवाल्यांना त्यांनी समोर उभं केलं. ज्वालेजवळ प्लेट उघडायची, काडीने एका कोपऱ्यात दाट नागमोडी रेघ, काडी टाकायची. नवी काडी घेऊन त्या दाट रेघेला एकदाच ओलांडायचं आणि पुढे रेघा न्यायच्या. तिसरी काडी, पुन्हा तसंच. होता होता शेवटच्या रेघेवर पेशी इतक्या विरळ होतात की प्रत्येकीचा वेगळा ठिपका उठतो. ऐकायला सोपं. आकडेवाल्यांची पहिली काडी खाद्यात रुतली आणि लांबलचक चीर पडली.

"रेघ ओढायचीय," काडीबाई म्हणाल्या. "जमीन नांगरायची नाही."

दुसऱ्या वेळी ते इतके घाबरले की काडी खाद्याला लागलीच नाही. तिसऱ्या वेळी काडी बदलायला विसरले. चौथी प्लेट झाल्यावर कपाळावरचा घाम पुसून म्हणाले, "प्रथिनाचा स्फटिक मी केसाच्या टोकावर उचलतो. हे का जमत नाही?"

"जमेल. पण ही तीन घराणी तुमच्या शिकण्यापायी वाया घालवायला माझ्याकडे नाहीत." मग त्या माझ्याकडे वळल्या. मी त्यांच्यासाठी पाणी घेऊन आले होते. "तू ये इकडे."

"मी? मला काय येतं त्यातलं?"

"तू दुधावरची साय उचलतेस तेव्हा खालचं दूध हलत नाही. माझी फाटते. हातमोजे घाल."

ज्या हाताने मी त्यांचा हात मोडला त्याच हातात त्या काडी देत होत्या. मला ते कळत होतं आणि त्यांनाही. मी काडी धरली. त्यांचा आवाज कानाशी, अगदी हळू: "मनगट सैल. टेकव. दाबू नकोस, नुसती टेकव. आता चाल. थांब. काडी टाक." साय उचलताना श्वास रोखावा तसा मी रोखून धरला होता. तीन प्लेटा झाल्या तेव्हा माझ्या मानेला रग लागली होती.

तिसऱ्या दिवशी इन्क्युबेटर उघडला. प्लेटच्या शेवटच्या रेघेवर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके, सुटे सुटे. जाऊबाईंनी डाव्या हाताने प्लेट उजेडाकडे धरली आणि बराच वेळ पाहिली.

"बरंय," म्हणाल्या. सत्तावीस वर्षांत त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती कुणी ऐकली नव्हती, हे मला नंतर आकडेवाल्यांनी सांगितलं. त्यांना ते मॅडमनी सांगितलं होतं.

पाचवी फेरी झाली. सहाव्या फेरीला त्या मला रागावल्या. कोणता ठिपका उचलायचा याचीही त्यांची रीत होती. प्लेटच्या पाठीवर ठिपके उठण्याआधीच पेनाने एक खूण करून ठेवायची आणि खुणेच्या सगळ्यात जवळचा सुटा ठिपका घ्यायचा. त्या दिवशी ख प्लेटवर एक गोल, टपोरा, देखणा ठिपका होता आणि माझी काडी आपोआप तिकडे गेली.

"खूण कुठेय?"

"त्या बाजूला. पण हा किती छान वाढलाय."

"म्हणूनच नको. मन चोर असतं, त्याला आवडेल ते ते उचलतं आणि मग म्हणतं, यीस्टनेच असं सांगितलं. खुणेजवळचा घे. दिसायला कसाही असू दे."

मी खुणेजवळचा घेतला. तो बारका होता. त्याने पुढच्या प्लेटवर चांगले ठिपके दिले.

आठवी फेरी संपायला अजून तीन दिवस होते तेव्हा आकडेवाले जेवणाच्या खोलीत आमच्या टेबलावर येऊन बसले. त्यांनी डबा उघडला नाही. "समजा आठ फेऱ्यांनंतरही तिन्ही वरच राहिले तर?"

"तर तुमचा आकडा खोटा," काडीबाई म्हणाल्या. "आणि ते तुम्हाला पक्कं कळलेलं असेल. आत्तापर्यंत तर तेही कळलं नव्हतं. जेवा."

फिल्म धुतली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. अंधाऱ्या खोलीत लाल दिवा, द्रावणाचा आंबट वास, आम्ही चौघं दाटीवाटीने. मॅडमच्या हातात लिफाफा. फिल्म द्रावणात हलत होती आणि तिच्यावर हळूहळू काळं उमटायला लागलं. आधी क. आठही पट्टे वर, एका ओळीत. ग. तेही वर, एका ओळीत. मधल्या ख चे पट्टे मात्र सरळ ओळीत नव्हते. पहिल्या फेरीचा वर, दुसरीचा जरा खाली, तिसरीचा आणखी खाली, सहाव्यापर्यंत उतरत उतरत गेले, आणि सहावा, सातवा, आठवा एका पातळीवर स्थिर. शेजारी तुलनेसाठी ठेवलेल्या सर्वसाधारण यीस्टची पातळी तीच.

मॅडमनी लाल उजेडात लिफाफा फाडला. "ख, धड आकडा," त्यांनी वाचलं. "ग, ढिला. क, बिनआकड्याचं."

आकडेवाल्यांनी भिंतीला पाठ टेकली. ढिला आकडा पेशीत होता, आकारानेही तसाच होता, पण त्याच्या बाकात पकड नव्हती आणि म्हणून पेशीच्या दृष्टीने तो असून नसल्यासारखा होता. टोकं आखूड ठेवायची तर नुसतं प्रथिन असून भागत नाही, त्याने दोरा धरायला हवा. तीन वर्षं ते जे म्हणत होते तेच फिल्म म्हणत होती.

"काडीबाई," ते म्हणाले आणि त्यांच्याकडे वळले.

"फिल्म द्रावणातून काढा आता," त्या म्हणाल्या. "डाग पडतील."

आकडेवाल्यांनी तो सगळा प्रयोग नंतर आणखी दोनदा केला, वेगळ्या यीस्टवर, आणि दोन्ही वेळा तेच आलं. शोधनिबंध गेला तेव्हा तपासणाऱ्यांपैकी एकाने नेमकं विचारलं की पिढ्या किती मोजल्या आणि कशा. मॅडमनी उत्तरादाखल वहीची पानं जोडून पाठवली. पहिल्या तीन फेऱ्या काडीबाईंच्या ठाशीव अक्षरात आणि पुढच्या पाच माझ्या तिरक्या अक्षरात. लेखकांच्या यादीत नाव घालायची गोष्ट निघाली तेव्हा काडीबाई म्हणाल्या, "घालायचं तर दोघींचं. पाच फेऱ्या तिच्या आहेत." आमचं आडनाव एकच. आता कुठे कुठे लोक समजतात की आम्ही बहिणी आहोत. सासूबाईंनी ते छापलेलं पान चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "ह्यात भांडण कुठे लिहिलंय?"

प्लास्टर निघालं, पण मनगट पूर्वीसारखं वळेना. जाऊबाई महिनाभर व्यायाम करत होत्या. एक दिवस दुपारी मी त्यांच्या खोलीत डोकावले तर त्या एकट्याच रेघा ओढत होत्या. पाच प्लेटा बाजूला पडल्या होत्या. प्रत्येकीत खाद्य एके ठिकाणी किंचित रुतलेलं. त्यांनी मला पाहिलं, प्लेटा गोळा केल्या आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"नको," त्या म्हणाल्या. "तुझं आधीच बोलून झालंय, त्या दिवशी भांडी घासताना."

मग त्या सरळ मॅडमकडे गेल्या. रेघा आता धाकटी जाऊ ओढेल, मी खाद्य शिजवेन, वही बघेन आणि नव्यांना शिकवेन, असं त्यांनी सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. मॅडमनी त्याच आठवड्यात माझी बदली करून घेतली आणि धुण्याच्या खोलीत दुसरी बाई आली. पहिल्या दिवशी मी तिला पिवळी पाटी कुठे असते ते दाखवलं.

आकडेवाले आता दुसरीकडे स्वतःची प्रयोगशाळा चालवतात. रेघा ओढायला ते अखेर शिकले. निघण्याआधी त्यांनी काडीबाईंसमोर एक प्लेट केली आणि तिसऱ्या दिवशी निकालाची वाट पाहत परीक्षेला आल्यासारखे उभे राहिले. "चालेल," म्हणाल्या त्या. बरंय म्हणाल्या नाहीत.

आमच्या मजल्यावर आता नियमच झालाय की कुणीही नवं माणूस आलं, पदवी कोणतीही असो, की आधी काडीबाईंच्या स्टुलासमोर उभं राहायचं. गेल्या आठवड्यात एक मोठ्या विद्यापीठातून आलेली मुलगी होती. तिने विचारलं, किती प्लेटा केल्या की मी पास? काडीबाई म्हणाल्या, "प्लेटा मोजू नकोस. सुटे ठिपके मोज." तिला अकरा प्लेटा लागल्या. मला सातव्या प्लेटपासूनच दिसत होतं की तिचा हात चांगला आहे, पण मी बोलले नाही. ते सांगणं त्यांचं काम आहे.